सांगून ठेवायची एक गोष्ट

घरातून बाहेर पडताना आपण उंबऱ्यात किती गोष्टी सांगतो! "दूध तापवलंय, गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा." "किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलीय." "आज पाणी लवकर जाणार आहे, पिंप भरून घ्या." "गॅसवाला आला तर पैसे देवघरातल्या डबीत आहेत." पायात चप्पल सरकवता सरकवता एवढं बोलून होतं. यातलं बरंचसं आपण कधी लिहून ठेवत नाही. चिठ्ठी लिहिली तरी वर तोंडाने सांगतोच, कारण चिठ्ठी उडून जाते, पुस्तकाखाली जाते, वेळेवर दिसत नाही. आपल्या भाषेत याला 'सांगून ठेवणं' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. सांगून ठेवलेली गोष्ट आपण घरात नसतानाही आपलं काम करत राहते.

गेली सहा वर्षं मी नेत्रदान आणि अवयवदानाच्या प्रचाराचं काम करते. रविवारी सकाळी बागेच्या फाटकाशी टेबल मांडायचं. गणपतीत एखाद्या मंडळाने जागा दिली तर मांडवात बसायचं. महिला मंडळात, भिशीत, ज्येष्ठ नागरिक संघात कुणी बोलावलं की जायचं. लोक प्रेमाने ऐकतात, शंका विचारतात. "मला चष्मा आहे, चालेल?" चालतो. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगरही आहे." तरी नेत्रदान करता येतं. नक्की काय ते डॉक्टर त्या वेळी तपासून ठरवतात. एका आजींनी जवळ येऊन हळूच विचारलं होतं, "पुढच्या जन्मी आंधळी जन्मेन का गं?" मी म्हटलं, "आजी, तुम्ही आयुष्यभर दारी आलेल्याला भाकरी वाढलीत. म्हणून पुढच्या जन्मी उपाशी राहाल का?" त्या हसल्या आणि फॉर्म पुढे ओढून सही केली. असे क्षण मिळतात म्हणून या कामाचा कंटाळा येत नाही. फॉर्म भरून झाला, कार्ड पाकिटात गेलं की मी प्रत्येकाला एकच विचारते, "घरी बोललात का?" तिथे बहुतेक जण थांबतात. "सांगू की. घाई काय आहे?" माझ्या मोठ्या काकांनाही घाई वाटली नसावी. तेराव्यानंतर त्यांची पेन्शनची फाइल चाळताना आम्हाला नेत्रदानाचं कार्ड सापडलं. सुवाच्य अक्षरात नाव, खाली सही, तारीख चौदा वर्षांपूर्वीची. काका पहाटे घरीच, झोपेत गेले होते. घर माणसांनी भरलेलं होतं. नेत्रपेढीला फोन करायला दहा जण होते. ठाऊक मात्र एकालाही नव्हतं. काकू ते कार्ड हातात धरून एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का?" त्यानंतरच्या रविवारपासून मी टेबलापाशी बसू लागले.

कार्डाचं मोल कमी नाही. आता तर आधार क्रमांक वापरून मोबाइलवरही प्रतिज्ञा नोंदवता येते. तरी आपल्याकडे घरच्यांना विचारल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून घरच्यांना थोडी माहिती हवी. आपल्यातल्या पुष्कळांचा शेवट घरात किंवा साध्या वॉर्डात, हृदय थांबून होतो. अशा वेळी हृदय, यकृत, मूत्रपिंडं देता येत नाहीत, कारण रक्त पोचायचं थांबलं की ती लगेच निकामी होऊ लागतात. डोळे मात्र देता येतात, त्वचाही देता येते. त्यासाठी साधारण सहा तासांची मुदत असते. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत त्यांचं काम होतं. चेहरा विद्रूप होत नाही. ती येईपर्यंत पापण्या मिटायच्या, त्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवायची, डोक्याखाली उशी घ्यायची आणि पंखा बंद करायचा. बुबुळावरचा तो काचेसारखा पारदर्शक पडदा दोघांना दृष्टी देऊ शकतो. त्वचेचाही वरचा पातळ थरच घेतात, मांडीवरून, पायांवरून, पाठीवरून. तो त्वचापेढीत दीर्घकाळ टिकतो आणि भाजलेल्या माणसाच्या जखमा झाकतो. रक्तगट जुळावा लागत नाही. अवयवदानाची वेळ वेगळी असते, आणि फार अवघड असते. अपघातात डोक्याला मार लागतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदू कायमचा थांबतो, पण व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत राहते. हात हातात घेतला तर ऊब असते. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासतात आणि मगच मेंदूमृत्यू जाहीर होतो. १९९४ च्या कायद्याने ही काळजी घेतलेली आहे. अवयव कुणाला मिळणार हे ठरतं प्रतीक्षायादीवरून. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली समन्वय केंद्रं ते पाहतात. एका माणसामुळे आठ जणांपर्यंतचे जीव वाचू शकतात. हे सगळं समन्वयक घरच्यांना हळू आवाजात समजावतात आणि विचारतात. तेव्हा घरचे एकमेकांकडे पाहतात. बाबांना काय आवडलं असतं, हे आता कुणाला विचारायचं? जिथे आधी बोलणं झालेलं असतं, तिथे कुणीतरी डोळे पुसत म्हणतं, "ते म्हणायचे तसं." एवढ्याने खांद्यावरचं ओझं उतरतं. मुलांना निर्णय घ्यावा लागत नाही, बाबांचा निरोप पोचवायचा असतो.

मग आपण का बोलत नाही? भीती नसते, संकोच असतो. विषय काढला की आई म्हणते, "भरल्या घरात असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते." मला या समजुतीबद्दल आदर आहे. माझ्या आजीनेही मला असंच गप्प केलं होतं. पण वास्तू तथास्तु म्हणत असेल तर तिच्या कानावर हेही पडू दे ना, की या घरातल्या माणसांमुळे कुणाच्या तरी डोळ्यांना दिसावं, कुणाच्या तरी मुलाचं डायलिसिस सुटावं. याला अभद्र कोण म्हणेल? १९९४ साली ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण झालं, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी आपण अवयवदान दिन पाळतो. २५ ऑगस्टपासून नेत्रदान पंधरवडा असतो. तेव्हा फेऱ्या निघतात, फलक लागतात, शाळांमधून चित्रं काढली जातात. ते सगळं हवंच, मीही त्यात असते. पण माझ्या पाहण्यात खरं काम होतं ते पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, रात्री ताटं उचलताना. एका सुनेने मला सांगितलं, तिने सासूबाईंच्या पायाला तेल चोळता चोळता विषय काढला. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "माझंही नाव घाल." प्रचाराला टेबल लागतंच असं नाही. तुम्ही आज कामाला निघाल तेव्हा दूध आणि किल्ली सांगालच. हे तेव्हा घाईत नको. संध्याकाळी चहा उकळत असताना सांगा, रोजच्याच आवाजात, जसं पाण्याचं सांगता तसं. "माझे डोळे द्या. वेळ तशीच आली तर बाकीचंही द्या." जवळच्या नेत्रपेढीचा नंबर कागदावर लिहा आणि फ्रिजवर, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी लावा. आणि सांगून झालं की समोरच्यालाही विचारा, "तुझी काय इच्छा आहे?"