आधी विषय, मग रेघ

इलस्ट्रेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. देश कोणताही असो, फी कितीही असो, एक आश्वासन त्यात हमखास असतं : इथे तुम्हाला तुमचा स्वतःचा आवाज सापडेल. प्रवेश घेणारी मुलंही अर्जासोबतच्या निवेदनात हेच मागत असतात. देणारा आणि घेणारा यांचं इतकं एकमत शिक्षणात क्वचितच दिसतं, आणि मला शंका येते ती या एकमताचीच. चित्रकाराला पदव्युत्तर शिक्षणाचा उपयोग होतो, याबद्दल वाद नाही. पण जो आवाज शोधायला म्हणून तिथे जातो त्याच्या हाती बहुधा एक शैली लागते. जो एखादा विषय डोक्यात घेऊन जातो, त्याला आवाजाची चिंता फारशी करावी लागत नाही.

हे बजबजच्या उदाहरणावर तपासून पाहता येईल. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या काठी, सियालदहहून निघणाऱ्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनचं हे गाव. तागाच्या गिरण्या, नदीकाठी तेलाच्या टाक्या, पलीकडच्या काठावर जाणारी फेरीबोट. 1756 च्या डिसेंबरात क्लाइव्हच्या फौजेने इथला किल्ला घेतला. 1897 च्या फेब्रुवारीत पश्चिमेकडून परतलेले विवेकानंद इथेच जहाजातून उतरले आणि रेल्वेने सियालदहला गेले. आणि 29 सप्टेंबर 1914 रोजी ‘कोमागाता मारू’ या जहाजाच्या प्रवाशांवर इथे गोळीबार झाला. 376 प्रवासी, बहुतेक पंजाबी, हाँगकाँगहून निघालेल्या या जहाजाने व्हँकूव्हरला गेले होते. दोन महिने त्यांना बंदरातच अडकवून ठेवण्यात आलं आणि मोजके लोक सोडून बाकीच्यांना परत पाठवलं गेलं. बजबजला सरकारने त्यांच्यासाठी पंजाबला जाणारी खास गाडी तयार ठेवली होती. बहुतेकांनी गाडीत बसायचं नाकारलं आणि ग्रंथसाहिब घेऊन ते कोलकात्याच्या दिशेने पायी निघाले. त्यांना वाटेतून मागे वळवण्यात आलं, संध्याकाळी स्टेशनजवळ चकमक उडाली आणि सुमारे 20 जण मारले गेले. आज तिथे स्मारक आहे, आणि स्टेशनच्या नावातही ‘कोमागाता मारू’ आहे.

आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीने पदव्युत्तर प्रकल्प म्हणून या घटनेवर चित्रपुस्तक करायचं ठरवलं. संगणकावर शोध घेतला की पहिल्या मिनिटात तिच्यासमोर जुनी छायाचित्रं येतात. डेकवर दाटीने उभे असलेले फेटेवाले आणि पुढे फिकट सुटातले त्यांचे पुढारी गुरदित सिंग. ही छायाचित्रं व्हँकूव्हरच्या बंदरातली आहेत. त्यांच्यावर आपली शैली चढवली, म्हणजे थोडा जाड ब्रश, दोनच रंग, कागदाचा खरखरीतपणा, की पुस्तक देखणं होतं आणि परीक्षकही खूश होतात. पण त्यात बजबज नसतं. घटना जिथे घडली ती जागाच चित्रकाराने पाहिलेली नसते.

तीच विद्यार्थिनी लोकलमध्ये बसून तिथे गेली, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा गेली, तर तिच्यापुढचे प्रश्न बदलतात. भरती-ओहोटीने रंग बदलणारं हे गढूळ पाणी शाईने कसं दाखवायचं? जहाजाचा धक्का आणि रेल्वेचे रूळ इतके जवळ असणं हीच या घटनेतली कळ आहे. माणसांना जमिनीवर मोकळं पाऊल टाकू न देता एका वाहनातून दुसऱ्या वाहनात भरायचं होतं. मग पुस्तकाची पानं आडवी हवीत की उभी? वाचकाला कुठे उभं करायचं : तयार ठेवलेल्या गाडीच्या खिडकीत, पोलिसांच्या रांगेमागे, की चालणाऱ्यांच्या मधोमध? गोळीबार दाखवायचा, की त्याच्या आधीचं पान आणि नंतरचं पान एवढंच दाखवायचं? या प्रश्नांची उत्तरं शैलीच्या पेटीत नसतात. ती एकेक करून द्यावी लागतात, आणि अशी पन्नासेक उत्तरं एकाच माणसाने दिली की ती एकमेकांशी नातं सांगू लागतात. त्या नात्यालाच आपण नंतर त्या चित्रकाराचा आवाज म्हणतो. आधी ठरवून तो काढता येत नाही.

कोलकात्याजवळचं उदाहरण घेण्याला कारण आहे. इलस्ट्रेशनचं उच्च शिक्षण घेण्याची आपल्याकडची दोन बोलकी उदाहरणं याच शहरातल्या एका घरात, बाप-लेकांत सापडतात. सुकुमार राय प्रेसिडेन्सी कॉलेजातून विज्ञान शिकले आणि 1911 मध्ये कलकत्ता विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला गेले. आवाज शोधायला नव्हे, तर ठसे कसे बनवतात ते शिकायला. लंडन आणि मँचेस्टर इथे त्यांनी छायाचित्रण आणि छपाईच्या तंत्राचा अभ्यास केला. वडील उपेंद्रकिशोर यांचा ठसे बनवण्याचा व्यवसाय होता आणि 1913 मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक सुरू केलं. सुकुमारांची चित्रं त्यात येऊ लागली.

या तंत्राने रेघेवर काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. लाइन ब्लॉकमध्ये काळं आणि पांढरं एवढंच छापलं जातं. पेन्सिलीची कोवळी छटा, ब्रशचा पातळ होत गेलेला करडा रंग ठशावर टिकत नाही. करडं हवं असेल तर पेनने बारीक रेघांचं जाळं विणावं लागतं, आणि त्या रेघा फार जवळ आल्या तर छापताना शाईने भरून जातात. ठशाला काय झेपतं हे ज्याला माहीत आहे त्याची रेघ आपोआप निर्णायक होते. सुकुमारांच्या ‘आबोल ताबोल’मधले अर्धं बदक आणि अर्धं साळिंदर असले प्राणी आपल्याला खरे वाटतात, याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण म्हणजे ते एका विज्ञानाच्या विद्यार्थ्याने काढले आहेत. दोन प्राण्यांचा सांधा कुठे जुळावा याचा त्यांनी गंभीरपणे विचार केलेला दिसतो. विषय आधी म्हणजे फक्त बातमीसारखं वास्तव, असा कुणाचा समज होऊ नये म्हणून हे सांगतो. विषय पूर्ण काल्पनिक असू शकतो, पण त्याच्या बाजूने चित्रकाराने झटलं पाहिजे. ‘आबोल ताबोल’ 1923 च्या सप्टेंबरात, सुकुमारांच्या मृत्यूनंतर काहीच दिवसांत प्रसिद्ध झालं.

सुकुमारांचे चिरंजीव सत्यजित तेव्हा दोन वर्षांचे होते. पुढे अर्थशास्त्रात पदवी घेतल्यावर 1940 मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले, तेही आईच्या इच्छेखातर. त्यांना जाहिरातीच्या क्षेत्रात काम करायचं होतं आणि भारतीय कलेबद्दल तेव्हा फार ओढ नव्हती. तिथे नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या हाताखाली ते शिकले. नंदलालांची शिकवण अशी की झाड जमिनीतून वर वाढतं, तेव्हा ब्रशही खालून वर जायला हवा. ही सूचना तंत्राची दिसते, पण तिच्यात पाहण्याची एक पूर्ण रीत आहे. याच काळात सत्यजित आपल्याकडे येऊन अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी पाहून गेले. 1942 च्या अखेरीस त्यांनी पदविका न घेताच कलाभवन सोडलं आणि 1943 मध्ये कोलकात्याच्या एका ब्रिटिश जाहिरात संस्थेत महिना 80 रुपयांवर नोकरी धरली. लवकरच सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करताना ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांच्याकडे आली. त्या चित्रांसाठी वाचलेल्या गोष्टीतून 1955 चा चित्रपट उभा राहिला. कलाभवनाने सत्यजितना आवाज दिला असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, कलाभवनाने त्यांना पाहायला लावलं, आणि विषय समोर आला तेव्हा हात तयार होता.

मग शाळाच कशाला, असा प्रश्न येतो, आणि मराठी मुलखात तो जास्त टोकदार होतो. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे.जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. मारिओ मिरांडांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. विशीत ते रोजनिशी चित्रांतून लिहीत होते, आणि त्या पानांवर गोव्यातल्या लोटलीचं घर, पाद्री, लग्नं, बायकांची भांडणं सगळं येत होतं. परदेशची शिष्यवृत्ती नंतर मिळाली. विषय त्याआधीच त्यांच्या वहीत होता. वसंत सरवटे पेशाने इंजिनियर, सिमेंट कंपनीत नोकरी करणारे. दीनानाथ दलाल चित्रकला रीतसर शिकले खरे, पण त्यांचं उच्च शिक्षण झालं ते 1945 मध्ये स्वतःच सुरू केलेल्या ‘दीपावली’त. दुसऱ्या बाजूला द. ग. गोडसे बी.ए. झाल्यावर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकून आले, आणि त्यांची मुखपृष्ठं, नेपथ्यं आणि लेखन पाहिलं तर लंडनहून त्यांनी शैली उचलून आणलेली दिसत नाही. मराठी इतिहास आणि इथल्या वस्तूंचा पोत हे विषय इथलेच होते.

या मंडळींमध्ये समान काय आहे? शाळा नाही. समान आहे ती गिऱ्हाइकाच्या बाहेरची एक जागा. सरवटे यांना पगारामुळे प्रत्येक चित्रावर पोट भरायचं नव्हतं. मारिओंच्या रोजनिशीला संपादक नव्हता. दलाल स्वतःच्या अंकाचे स्वतःच मालक होते. आपल्याकडे दिवाळी अंकांनी अनेक चित्रकार घडवले हे खरं, पण अंकाच्या चित्रकाराला एका कथेला एक-दोन चित्रं आणि मजकूर हाती येतो तोवर छपाई तोंडावर आलेली. वर्षभर एकाच विषयावर बसण्याची चैन त्यात नाही. आज पदव्युत्तर शिक्षण जर काही विकत देत असेल, तर ते म्हणजे ही चैन. म्हणूनच ती आवाज शोधण्यात घालवणं हा सौदा मला आतबट्ट्याचा वाटतो.

यावर उत्तर मिळतं की बाजाराला शैलीच हवी असते. प्रकाशक पोर्टफोलिओ पाहतो, आणि दहा चित्रं एका हातची दिसली नाहीत तर पुढे सरकतो. हे खरं आहे, आणि फी भरण्यासाठी कर्ज काढलेल्या मुलाला ते हसण्यावारी नेता येत नाही. पण शैलीचा भाव किती उतरलाय तेही पाहा. 2025 च्या मार्चमध्ये लोकांनी घरचे फोटो जपानी घिबली स्टुडिओच्या चित्रांसारखे एआय यंत्राकडून करून घेतले आणि काही दिवस फोनवर दुसरं काही दिसेना. त्या स्टुडिओच्या मियाझाकींनी आयुष्य घालून घडवलेलं बाह्य रूप काही सेकंदांत फुकट मिळू लागलं. बजबजच्या धक्क्यावर वाचकाला कुठे उभं करायचं, हे मात्र त्या यंत्राला कुणीतरी सांगावंच लागेल. आणि ते सांगायचं तर आधी तिथे जाऊन यावं लागेल. बाजाराचा धाक दाखवून विद्यार्थ्याला जे सर्वात आधी उसनं घेतलं जाणार तेच कमवायला लावणं शहाणपणाचं नाही.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीसारख्या संस्था आहेत, जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अभ्यासक्रम नव्याने आखण्याची संधी आहे. तेव्हा तीन गोष्टी आखून द्याव्यात. पहिलं वर्ष एकाच जागेचं असावं : भाऊचा धक्का, इचलकरंजीचे माग, चंद्रपूरची कोळशाची खाण, काहीही; पण जागा बदलायची नाही. दुसरी गोष्ट, संगणकाच्या जोडीला एक अडवणारं माध्यम सक्तीचं असावं : लिनो, लिथो किंवा साधा दोन रंगांचा छाप. एकदा कोरलेलं लिनो भरून काढता येत नाही, त्यामुळे रेघ मारण्याआधी विचार करावा लागतो. तिसरी गोष्ट, मूल्यमापनाला चित्रकारांबरोबर त्या विषयाचा एक माणूस बसवावा : गोदीतला कामगार, मागवाला, इतिहासाचा अभ्यासक. चित्र छान आहे की नाही ते बाकीचे सांगतील. चित्रात काय चुकलंय आणि काय आजवर कुणी पाहिलं नव्हतं, हे त्याला कळेल.

आणि प्रवेशाच्या मुलाखतीत ‘तुमची शैली काय’ हा प्रश्न बंद करून ‘दोन वर्षं कशाची चित्रं काढणार’ एवढंच विचारावं. ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला नापास करू नये. वर्षभर वही घेऊन हिंडून परत ये, असं सांगावं. त्यात त्याची फी वाचेल, आणि परत आला तर संस्थेलाही शिकवायला काहीतरी मिळेल.