रस्त्याचा हक्क

रस्ता गावाला नाव देतो आणि रस्ताच ते काढून घेतो. आम्हा नांदगावकरांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन मनमाडवरून भुसावळकडे गेली आणि नांदगावला स्टेशन झाले. वेरूळची लेणी पाहायला निघालेला मुंबईचा प्रवासी आमच्या गावी उतरे आणि टांगा करून खुलताबादकडे जाई. त्या काळच्या प्रवाशांसाठीच्या पुस्तकांत वेरूळचे स्टेशन म्हणून नांदगावचे नाव येते. पुढे १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबाद संस्थानात जाणारी लाइन सुरू झाली. प्रवासी मनमाडला गाडी बदलू लागला. टांगेवाल्यांचे पुढे काय झाले असेल? टांगेवाल्यांवर पुस्तके लिहिली जात नाहीत.

यात दोष कोणाचा? कोणाचाच नाही. नवी लाइन मराठवाड्याच्या फार मोठ्या मुलखाच्या सोयीची होती. वाहतुकीची प्रत्येक योजना कुणाला तरी जवळ आणते आणि कुणाला तरी बाजूला सारते. म्हणून विकास हवा की नको, हा वाद आम्हांला फोल वाटतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. जो बाजूला सरतो, त्याचा त्या रस्त्यावर काही हक्क उरतो की नाही?

या प्रश्नाचे सर्वांत मोठे रूप मुंबईत दिसते. मुंबई आम्हांला परकी नाही. आमच्या तालुक्यातली मुले मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेसने जातात आणि कल्याण, मुंब्रा, कुर्ला, गोवंडी इथे पोट भरतात. त्या शहरातला रस्ता रुंद झाला तर फायदा आमच्या घरापर्यंत येतो, आणि तिथली झोपडी तुटली तर धूळही आमच्याच घरात येते.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला २००२ साली जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले. लोकलच्या रुळांना अगदी खेटून हजारो झोपड्या होत्या. त्यांच्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागे, आणि त्या झोपड्यांतली मुलेही रोज मरणाच्या शेजारी खेळत. रूळ मोकळे व्हायला हवे होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. रेल्वे आणि रस्ते मिळून एक लाखाहून अधिक माणसे हलवायची होती. त्यांना २२५ चौरस फुटांची पक्की घरे मिळाली, हेही खरे. ज्याने आयुष्य पत्र्याखाली काढले त्याला स्वतःचा दरवाजा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण याच प्रकल्पात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता होता. त्या रस्त्यात आलेल्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ साली जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. त्यांनी रस्ता नको असे म्हटले नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हांला नीट माहिती दिली नाही, लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना एकच माप लावले, आणि गिऱ्हाईक कुर्ल्यात असताना आम्हांला दूर मानखुर्दकडे पाठवले जात आहे. चौकशी झाली, तक्रारीत तथ्य आढळले, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखला. तो रस्ता अखेर एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला. माणसांना विचारत बसलो तर काम लांबते, असे नेहमी म्हटले जाते. इथे उलटेच दिसले. न विचारल्याचा खोळंबाही काही थोडा नव्हता.

आणि घर मिळाले म्हणजे हिशेब संपला का? लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा नीट पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा या बांधणीशी संबंध असल्याचे २०१८ साली पुढे आलेल्या पाहणीत दिसले. रुळाकाठचा माणूस मोठ्या आवाजातून सुटला आणि अंधारात गेला. शहराला मिनिटे मिळाली, त्याला खोकला मिळाला.

इथे सार्वजनिक हिताचे गणित मांडले जाते. एका बाजूला लाखो प्रवाशांची रोजची दहा-दहा मिनिटे, दुसऱ्या बाजूला काही शे दुकाने. बेरीज केली की पारडे कुठे झुकणार हे उघड आहे. आमचा आक्षेप या बेरजेलाच आहे. लाखांची दहा मिनिटे ही कुणा एकाची कमाई नसते. कुणालाही मिळतात ती दहाच मिनिटे. दुकानदाराची रोजी मात्र एकाच माणसाची जाते आणि सगळीच्या सगळी जाते. दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकाच तराजूत घातल्या की वजन काहीही सांगता येते. किराणा दुकानदारसुद्धा असा धंदा करत नाही.

आमच्या परंपरेत हुकूकुल इबाद म्हणून एक विचार आहे, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. माणसाचा हक्क बुडवला तर केवळ अल्लाहकडे तौबा करून सुटका होत नाही. ज्याचा हक्क गेला त्याच्याशीच हिशेब मिटवावा लागतो. हा विचार श्रद्धेने मानला नाही आणि नुसता न्याय म्हणून पाहिला, तरी त्यात मोठे शहाणपण आहे. कुर्ल्याच्या दुकानदाराचे नुकसान अंधेरीच्या प्रवाशाच्या आनंदातून फिटत नाही. ते त्या दुकानदारापाशीच फेडावे लागते.

हजरत उमर यांच्या खिलाफतीतली एक हकीकत सांगितली जाते. मदिनेतील पैगंबरांची मशीद नमाजींना अपुरी पडू लागली. विस्ताराच्या जागेत पैगंबरांचे चुलते हजरत अब्बास यांचे घर येत होते. खलिफांनी घर मागितले, मोबदला देऊ केला. अब्बास यांनी नकार दिला. प्रकरण उबई इब्न काब यांच्यापुढे निवाड्याला गेले आणि निकाल खलिफांच्या विरुद्ध लागला. मशिदीसाठीसुद्धा मालकाच्या मर्जीविरुद्ध घर घेता येणार नाही! निकाल लागल्यावर अब्बास यांनी ते घर आपण होऊन, मोबदला न घेता देऊन टाकले. या हकीकतीचा शेवट लोकांना आवडतो. आम्हांला तिचा मधला भाग अधिक मोलाचा वाटतो. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच देण्याला त्याग म्हणता येते. नाही म्हणण्याची सोय नसलेल्याकडून जे घेतले जाते, त्याला त्यागाचे नाव देऊन सत्कार करणे ही थट्टा आहे.

आता रस्ता झाल्यावर त्यावरून कोण जातो, तेही पाहू. मोहम्मद अली रोडवरच्या लांबलचक उड्डाणपुलाला कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. पूल २००२ साली सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांसमोरून गाड्या धावू लागल्या. २०१० पासून त्यावर दुचाकीला बंदी आहे. कारण अपघातांचे दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण मग २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू घ्या, जानेवारी २०२४ चा अटल सेतू घ्या, किंवा त्याच वर्षी खुला होऊ लागलेला किनारी रस्ता घ्या. कुठेच दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही. साडेदहा किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च झाला. तिथून बस जाऊ शकते, पण मुळात बसच किती उरल्या? मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. महिनाभरात, ९ जूनला, मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. कोरोनाची वर्षे सोडली तर लोकलच्या रुळांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. ज्या शहरात इतकी माणसे कामावर जाता-येता मरतात, तिथे आधी कुणाची वाट मोकळी करायची हा अभियांत्रिकीचा प्रश्न उरत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

आमच्या खेड्यापाड्यांना मोठे करणारी एसटी 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद घेऊन धावली. तिने एके काळी 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजनाही काढली होती. एसटीत गैरसोयी होत्या आणि आहेत, पण त्या चार शब्दांत वाहतुकीची सगळी नीती आली आहे. मोठेपण धावण्यात आहेच. पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाने हात केला तर थांबण्यात ते जास्त आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आमच्या दारात उभे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये मनमाड-जळगाव या १६० किलोमीटरच्या चौथ्या लाइनला मंजुरी मिळाली, आणि ती नांदगाववरूनच जायची आहे. मालेगावला रेल्वे यावी ही कित्येक पिढ्यांची मागणी होती. आम्ही या कामांचे स्वागतच करतो. पण जिथे लाइन येते तिथे कुणाचे तरी शेत येते, कुणाची विहीर येते, कुणाची टपरी येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला वाढला, सामाजिक परिणाम तपासण्याची तरतूदही आली. तरी सरकारी कामासाठी जमीन घेताना मालकाची संमती कायद्याने लागत नाही. कायदा जिथे थांबतो तिथून नीती सुरू होते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. मोजणीचा खुंटा ठोकण्यापूर्वी, ज्याच्या जमिनीत तो जाणार आहे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला. जमिनीची किंमत देताना तिच्यावर चालणारी रोजीही मोजा. टपरीवाल्याकडे सातबारा नसतो, पण पोट असते. आणि लाइन झाल्यावर गाडी आमच्या स्टेशनात थांबू द्या. कोरोनाच्या काळात लहान स्टेशनांवरचे कितीतरी थांबे गेले, आणि ते परत मिळवण्यासाठी लोकांना निवेदने घेऊन फिरावे लागले. ज्या गावाने बाजूला सरून गाडीला वाट दिली, त्या गावाने फलाटावर उभे राहून तिचा फक्त वारा खायचा, याला विकास म्हणायला आमची जीभ वळत नाही.

वाटेतला काटा दूर करणे हा सदका आहे, असे आम्हांला लहानपणी शिकवले जाते. शहरे बांधणाऱ्यांनीही तो जरूर करावा. फक्त काटा कोणता आणि माणूस कोणता, हे आधी वाकून नीट पाहून घ्यावे.