मागच्या वर्षीचं ऑइल कुठे गेलं?

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा बाबा गोठ्याच्या खांबांना काळं ऑइल लावत होते. पत्र्याच्या डब्यात गाडीतून काढलेलं, वापरून काळंकुट्ट झालेलं इंजिन ऑइल आणि हातात नारळाच्या सोडणाचा बोळा. बोळा डब्यात बुडवायचा, खांबावर खालून वर फिरवायचा, ओघळ आला की तळहातानेच पुसून परत लाकडात जिरवायचा. आमच्याकडे हे दृश्य नवीन नाही. पाऊस तोंडावर आला की कौलांची शाकारणी, लाकडं आणि पेंढा आत घेणं, आणि मग खांबांना, चौकटींना, कुंपणाच्या खुंटांना काळं ऑइल, अशी कामं ओळीने येतात. गाव राजापूर तालुक्यातलं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने वाळवी.

लहानपणी तो बोळा मीही फिरवलाय. ऑइलचा वास मला आवडायचा, अजूनही आवडतो. त्यामुळे त्या दिवशी मी काही बोललो नसतो. पण पाडी त्याच खांबाला बांधलेली होती, आणि बाबा दुसऱ्या खांबाकडे वळल्यावर ती ताजा लावलेला खांब चाटायला लागली.

मी तिला ओढून बाजूला बांधलं. रात्री ओटीवर पडून फोनवर वाचत बसलो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट खटकली की आधी वाचायचं आणि मग दुसऱ्याला सांगायचं, ही आमच्या जमातीची सवय.

आधी हे कबूल करायला हवं की काळं ऑइल लावण्यामागे अक्कल आहे. लाकूड पाण्यामुळे कुजत नाही, बुरशीमुळे कुजतं, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ऑइल पाणी झटकतं, वाळवीलाही थोडंफार लांब ठेवतं. आणि पैसे जवळजवळ शून्य. ज्याला दर पाच वर्षांनी नवा खांब परवडत नाही त्याने हा उपाय शोधला, तर त्याला अडाणी म्हणण्याचं कारण नाही. पूर्वी खांब जुन्या ऐनाचे, किंजळाचे असायचे. गाभ्याचं लाकूड स्वतःच टिकायचं. आता तशी झाडं राहिली नाहीत. मिळतं ते कोवळं लाकूड, नाहीतर आकेशिया. झाडाने जे काम करायचं ते आता डब्याने करायचं.

पण इंजिनमध्ये गेलेलं ऑइल आणि बाहेर आलेलं ऑइल एक नसतं. आत ते हजारो किलोमीटर तापतं, इंधनाच्या ज्वलनातून आलेली काजळी आणि इंजिनच्या झिजेतून आलेले धातूचे कण त्यात मिसळतात. त्यात बेंझोपायरीनसारखी संयुगं असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझोपायरीनला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवलंय. आपल्याकडे २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद होईपर्यंत या ऑइलमध्ये शिसंही भरपूर उतरायचं, आणि असं ऑइल पोटात जाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. आता शिसं खूप कमी झालंय, बाकीचं आहेच. भारतातल्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका गाडीतून एका वेळी निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. ‘करू शकतं’, करतंच असं नाही. पण आमची विहीर गोठ्यापासून पंचवीस पावलांवर आहे, उताराच्या बाजूला. आणि जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडते.

सकाळी चहा पिताना मी विषय काढला.

‘‘चाळीस वर्षं लावतोय,’’ बाबा म्हणाले. हात पुढे केले. ‘‘काय झालंय मला?’’

या युक्तिवादाला उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतले सूतकामगारही हेच म्हणू शकले असते. चात्यांना लावलेलं खनिज तेल वर्षानुवर्षं त्यांच्या विजारींवर उडत राहायचं आणि कातडीला लागायचं. वीस-वीस, तीस-तीस वर्षं काही व्हायचं नाही, आणि मग काहींना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग व्हायचा. मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी १९२२ साली ही गोष्ट मांडली. त्या तेलाबद्दलचे खास नियम झाले १९५३ साली. मधली एकतीस वर्षं माहिती होती, तेलही होतं, आणि कामगार कामावर येत होते. ‘मला काही झालं नाही’ हे ज्याला काही झालं नाही तोच सांगू शकतो.

हे सगळं मी बाबांना सांगितलं नाही. मी एवढंच विचारलं, ‘‘दरवर्षी का लावावं लागतं?’’

‘‘पावसात निघून जातं.’’

‘‘मग मागच्या वर्षीचं कुठे गेलं?’’

बाबांनी कप खाली ठेवला. गोठ्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे. काही बोलले नाहीत. आणि मला, खरं सांगतो, जिंकल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘बरं. मग काय लावू ते सांग.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं नाव घेतलं. ते चांगलं आहे, माणसाला आणि गुरांना त्यामानाने कमी घातक आहे, पण पावसात विरघळून जातं. वाशांना, आतल्या लाकडाला ठीक, जमिनीत गाडलेल्या खांबाला नाही. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, तेही चालेल, पण ते आणायचं कुठून आणि किती पैशांत, ते मला माहीत नव्हतं. बाबा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि हे ऑइल कुठलं, ठाऊक आहे का?’’

‘‘गॅरेजचं.’’

‘‘दिवाळीत नाक्यावर गाडीचं ऑइल बदललंस ना, ते. तुझ्या गाडीचं म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत.’’

त्यानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही.

माझ्याकडे गाडी येऊन तीन वर्षं झाली. दरवर्षी मी ऑइल बदलतो, बिल पाहतो, त्यावर नव्या ऑइलची किंमत असते, फिल्टरची असते, मजुरी असते. जुनं ऑइल कुठे गेलं याची ओळ बिलात नसते आणि मी कधी विचारलंही नाही. जे ऑइल मी काळं केलं, ज्याच्यावर मी पुणे ते राजापूर एसी लावून आलो, ते माझ्याच घराच्या खांबावरून माझ्याच विहिरीकडे निघालं होतं. आणि मी चहा पिता पिता माझ्या वडलांना पर्यावरण शिकवत होतो.

स्वस्त या शब्दाचा अर्थ मला तेव्हा जरा वेगळा दिसला. काळं ऑइल स्वस्त नाहीये. त्याची किंमत आहे, फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकलेली आहे. गॅरेजमधल्या पोराच्या हातांवर, बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना हेच ऑइल फासणाऱ्या मजुरावर, खांब चाटणाऱ्या पाडीवर, विहिरीवर. आमच्या कामात असं रोज होतं. आपल्या भागातली अडचण अशी सोडवायची की ती दुसऱ्या टीमकडे जाऊन उभी राहील, आणि आपलं तिकीट बंद. आपल्या बाजूने काम झालेलं असतं आणि अडचण जिथल्या तिथे असते.

इथे एक हरकत येऊ शकते, आणि ती माझ्याही मनात आली. ऑइल तयार झालंच आहे, तर गटारात ओतण्यापेक्षा खांबाला लावलेलं काय वाईट? टाकाऊतून टिकाऊच झालं की. पण वापरलेलं ऑइल शुद्ध करून पुन्हा ऑइल म्हणून वापरता येतं, तसे कारखाने देशात आहेत. १ एप्रिल २०२४ पासून तर नवं ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही टाकलेली आहे. तो खरा पुनर्वापर. खांबाला लावणं म्हणजे तेच ऑइल जमिनीत ओतणं, फक्त हळूहळू.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. चार लिटर ऑइलने काय होतं? समुद्रात जहाजं फुटतात, नद्यांत कारखाने सोडतात, आणि आपण एका शेतकऱ्याच्या पाच खांबांवर निबंध लिहायचा? हे खरं आहे. मोठ्यांचा हिशोब मोठ्यांकडे मागितलाच पाहिजे. पण विहीर लहान आहे. तिला चार लिटर लहान नाहीत.

मग चूक कुणाची? बाबांची नाही, असं मी म्हणणार नाही. विहीर कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, पावसात ऑइल निघून जातं हेही माहीत होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांनी पाहिल्या नाहीत, कारण पाहिल्या असत्या तर पुढचा प्रश्न पैशांचा होता. न पाहणं ही कधी कधी गरिबाची सोय असते. मी मात्र परवडत असून पाहिलं नव्हतं. ती नुसती सोय होती.

लाकूड टिकवण्याच्या इतिहासात एक माणूस मला सारखा आठवतो. सोंती कामेसम. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले. १९३३ च्या सुमारास त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण शोधलं. तांबं बुरशी मारतं, आर्सेनिक वाळवी मारतं, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात पक्कं धरून ठेवतं. जगभरात विजेचे खांब, कुंपणं, घरांचे सज्जे, मुलांच्या खेळाची मैदानं त्याने टिकली. किती झाडं वाचली असतील! आणि तरी आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं गेलं. कामेसम यांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता जो मी बाबांना विचारला: लावलेलं निघून का जातं? आणि त्यावर उत्तरही काढलं होतं. तरीही हिशोब पुरा झाला नाही. त्यामुळे ‘योग्य रसायन सापडलं की प्रश्न संपला’ यावरचा माझा विश्वास थोडा कमी झालाय.

उत्तर शेवटी रसायनात सापडलं नाही. ते वाड्यात सापडलं. जुन्या वाड्यांत लाकडी खांब कधी जमिनीत गाडलेला नसतो. त्याच्या खाली दगडाचा तळखडा असतो. लाकूड ओलीत ठेवायचंच नाही, इतकी साधी गोष्ट. आपले पूर्वज थोर होते असं मला इथे म्हणायचं नाही. तळखडा त्याच्याच घरात असायचा ज्याला पाथरवटाची मजुरी परवडायची. गोठ्याचे खांब तेव्हाही मातीतच गाडले जायचे.

त्या सुट्टीत आम्ही तीन खांब बदलले. खाली कुजलेला भाग कापला, काँक्रीटचा हातभर उंच ठोकळा ओतला, त्यात लोखंडी पट्ट्या सोडल्या आणि खांब त्यावर बोल्टने बसवला. गाडलेला खांब स्वतः उभा राहतो, ठोकळ्यावरचा राहत नाही, म्हणून वर तिरके टेके द्यावे लागले. गवंडी, सुतार, सिमेंट, लोखंड मिळून साडेआठ हजार रुपये लागले. मी दिले. काळं ऑइल फुकट होतं. या दोन आकड्यांमधलं अंतर बाबांनी एकट्याने पार करावं, अशी माझी त्या सकाळी अपेक्षा होती.

मला या प्रकरणातून एवढंच कळलंय. ‘हे घातक आहे’ असं सांगितलं की आपलं कर्तव्य झालं, असं आपल्याला वाटतं. फोनवर चार गोष्टी वाचायच्या, ज्याच्या हाताला ऑइल लागलंय त्याला ऐकवायच्या, आणि पुण्याला परत यायचं. पण पर्यायाचा खर्च ज्याला झेपत नाही त्याला नुसती माहिती दिली, तर आपण त्याला आणखी एक ओझं दिलं. आधी तो खांब टिकवायचा. आता तो खांब टिकवतो आणि विहिरीची काळजीही करतो. ज्याला कळलं आणि ज्याला परवडतं, त्याने बिलाचा काही भाग आपल्या नावावर घेतला पाहिजे. विशेषतः कचरा मुळात त्याचाच असेल तर.

प्रत्येकाकडे मुलाचा पगार नसतो, हे मला माहीत आहे. आमच्या वाडीत अजून अकरा गोठे आहेत. या मे महिन्यात त्या सगळ्यांना काळं ऑइल लागलं, आणि मी कुणाला काही बोललो नाही. बोलायचा हक्क किती पैशांनंतर मिळतो, ते मला ठरवता आलं नाही.

आमचेही दोन खांब अजून जमिनीतच आहेत. त्यांना बाबांनी या वर्षी काही लावलं नाही. पुढच्या मे महिन्यात बदलायचे ठरलेत, तोवर टिकले तर टिकले. पाडी मोठी झालीय, तिला आता दुसरीकडे बांधतात.

राहिलं अर्धा डबा ऑइल. निघायच्या दिवशी मी तो गॅरेजवाल्याकडे परत घेऊन गेलो. तो हसला. ‘‘ठेव तिथे कोपऱ्यात,’’ म्हणाला. ‘‘सेंट्रिंगवाला येतो, तो घेऊन जाईल.’’

मी डबा कोपऱ्यात ठेवला, गाडीपर्यंत गेलो, परत आलो आणि डबा उचलून डिकीत टाकला. पुण्यात कुणी अधिकृत घेणारा आहे का ते शोधतोय. डबा अजून डिकीतच आहे, आणि गाडीत त्याचा वास भरून राहिलाय.