चिमटा आणि बुश

बिघडलेले दूर करताना बळ किती वापरावे, हा नीतीचा जुनाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्हांस जळगाव-धुळ्याकडील गॅरेजांत सापडते.

खानदेशच्या काळ्या मातीत राबलेली जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करताना खरी कसोटी लागते ती मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशांपाशी. बुश मुळातच दाबून बसवलेला असतो. त्यात पाणी शिरले की गंज धरतो आणि गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापत असल्याने पकड आवळत जाते. अशा वेळी हातोडा जवळचा वाटतो. परंतु तिरक्या घावाने बुश जागीच राहतो आणि चिमटा वाकतो. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. तिथला मूळ चिमटा आता नव्याने घडत नाही.

म्हणून जाणता कारागीर तेल सोडून थांबतो, चिमटा बाहेरून तापवतो, मग लांब बोल्ट व नळी लावून बुश सावकाश ओढतो. ३० मिलिमीटरचे भोक १०० अंशांनी तापले तरी जेमतेम ०.०३६ मिलिमीटर रुंदावते. पुष्कळदा तेवढे पुरते. न पुरल्यास तो करवतीच्या पात्याने बुश आतून चिरतो आणि चिमट्याला पाते लागण्यापूर्वी हात आवरतो.

झिजलेला बुश तसाच ठेवणे ही सहनशीलता नव्हे. चाक डगमगते, मागे बसलेल्याचा जीव धोक्यात येतो. घरातील कुणाचे व्यसन वा संताप यांबाबतही असेच आहे. दोष काढलाच पाहिजे. मात्र आपला घाव दोषावर पडतो की माणसावर, हे आपण प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे.