लेकरापासून काय लपवावे?

गेल्या आषाढीची गोष्ट. वाखरीच्या मुक्कामी रात्रीचे कीर्तन आटोपले होते आणि आम्ही राहुटीच्या दारी घोंगडीवर जरा पाठ टेकली होती. तोच आमच्या दिंडीतील एक जोडपे येऊन बसले. दोघेही माळकरी, कष्टाचे शेतकरी. त्यांची पाच वर्षांची मुलगी बापाच्या मांडीवर झोपी गेलेली. ही मुलगी त्यांनी दत्तक घेतली आहे. आठ महिन्यांची असताना ती त्यांच्या घरी आली. दिंडीत हे सर्वांस ठाऊक. ठाऊक नाही ते एकट्या त्या मुलीला.

बाई म्हणाली, "बुवा, पोर आता शाळेत जाईल. हिला सांगावं का न्हाई? सासूबाई म्हणत्यात, कशाला सांगायचं? उद्या उठून म्हणाली, तुम्ही माझे कोण, तर काय करायचं?" पुरुष काही बोलला नाही. नुसता मुलीच्या केसांवरून हात फिरवीत राहिला.

खरे सांगायचे तर आम्हांसही तेव्हा उत्तर सुचले नाही. "कार्तिकीला बोलू" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मागाहून जो विचार केला तो येथे मांडतो, कारण हा प्रश्न त्या एका घरचा नव्हे.

सासूबाईंचे भय खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला पोटाशी धरले ते दुरावेल, या भयाने काळीज हलणारच. पण भय खरे असले म्हणजे त्यावरचा उपायही खरा, असे होत नाही. लपविणे हा उपाय आहे काय, एवढेच पाहायचे.

कोणी म्हणेल, जुनी माणसे सांगत नसत. तर जुनी रीत काय होती ते पाहा. पूर्वीचे दत्तकविधान चारचौघांत, भाऊबंदांच्या देखत होई. देणाऱ्याने द्यावे, घेणाऱ्याने ओटीत घ्यावे, पुष्कळ घरी होमही होई. चोरून केलेले दत्तक कोणी मानीत नसे. त्या रीतीत दोष होता तो निराळा. दत्तक घ्यायचा तो पिंडासाठी आणि वंशासाठी. म्हणून मुलगाच घ्यायचा. लेकराला आईबाप हवेत, हा विचार मागे राही. 1956 साली हिंदू दत्तक व निर्वाहाचा कायदा झाला, तेव्हा मुलगी दत्तक घेण्याची वाट कायद्याने मोकळी झाली.

मग लपवालपवी आली कोठून? आम्हांस वाटते, ती लाजेतून आली. मूल नाही याची बाईला लाज, आणि टाकलेल्या लेकराच्या जन्माची गावाला लाज. या लाजेपायी किती जीव गेले! म्हणूनच जोतिबा व सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला केला. तो यशवंत. त्याचा जन्म त्यांनी झाकला नाही. त्याला शिकवून डॉक्टर केले. आपल्या पंढरपुरातही 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या लेकरांसाठी बालकाश्रम काढला. आपण चंद्रभागेत स्नान करून माउलीचे दर्शन घेतो, त्याच गावी ही लेकरे आईची वाट पाहत वाढली. लाज वाटायची असेल तर टाकणाऱ्या जगाला वाटावी. लेकराने काय केले? त्याला सांभाळणाराने तरी काय केले?

आता भयाकडे वळू. "कळले तर सोडून जाईल." याचे उत्तर महाभारतात आहे. युद्धाच्या आधी श्रीकृष्णाने कर्णाला एकांती घेतले आणि तू कुंतीचा मुलगा, पांडवांत थोरला, राज्य तुझे, असे सांगितले. कर्ण काय म्हणाला? हे मला ठाऊक आहे, म्हणाला. पण राधेने मला घरी नेले, मायेने तिला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. तिचा पिंड मी कसा तोडू? पाहा, खरे ठाऊक असूनही तो राधेला सोडून गेला नाही. राज्य समोर असतानाही गेला नाही. ज्या पिंडासाठी लोक रक्ताचा हट्ट धरतात, तो पिंडही त्याने वाढविणारीलाच राखून ठेवला.

आणि अनर्थ झाला तो कशाने? कुंतीने झाकून ठेवल्याने. भावाने भावाला मारले, आणि पांडवांना कळले केव्हा? युद्ध सरल्यावर, मेलेल्यांना पाणी देताना. राधेच्या मायेने कोणाचे वाईट झाले नाही. वाईट केले ते झाकलेल्या गोष्टीने.

आजचा व्यवहारही हेच शिकवितो. आता अनाथ, टाकलेले किंवा आईबापांनी सोडून दिलेले मूल घ्यायचे तर 2015 च्या बालन्याय कायद्याने घ्यावे लागते. आधी नाव नोंदवायचे. समाजसेविका घरी येऊन घरची परिस्थिती पाहते. सोडून देणाऱ्या आईलाही मन बदलण्यास दोन महिन्यांची मुदत असते. त्यानंतरच बालकल्याण समिती मूल मोकळे झाल्याचे ठरविते. पूर्वी हुकूम न्यायालयाचा होई, 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात. पुढेही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, लेकरू कसे आहे ते पाहिले जाते. आमच्या या जोडप्याने तीन वर्षे वाट पाहिली. बाई म्हणे, "नऊ महिन्यांचं पोटुशीपण असतं, माझं तीन वर्षांचं." कोणी दवाखान्यातून परस्पर मूल आणून देतो म्हणतात. त्या वाटेस जाऊ नये. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिक्षेहून मोठी गोष्ट ही की जे चोरून आणले ते जन्मभर चोरूनच ठेवावे लागते. सरळ वाटेने आणलेल्या लेकराला खरे सांगण्यास अडचण कसली?

शिवाय गावाचे तोंड कोण बांधणार? आज ना उद्या शाळेत एखादे पोर भांडणात बोलून जाईल. मायेने सांगितलेली गोष्ट लेकराला बळ देते. तीच गोष्ट परक्याच्या तोंडून आली म्हणजे काळजात रुतते, आणि मग लेकरू विचारते, "मला खोटं का सांगितलं?" त्या प्रश्नाला आईबापांजवळ उत्तर नसते. तेव्हा एकदम बसवून, धडा दिल्यासारखे सांगू नये. लहानपणापासून गोष्टीत, झोपविताना, जेवू घालताना सांगत जावे. देवकीने जन्म दिला आणि यशोदेने वाढविले, हे ऐकून कोणते लेकरू यशोदेला परकी म्हणते?

कार्तिकीला ते जोडपे पुन्हा भेटले. आम्ही वरील विचार सांगू लागलो, तर बाई हसली. म्हणाली, "बुवा, म्या सांगितलं." आम्ही विचारले, "मग पोर काय म्हणाली?" "काय म्हणणार? मला आणाया चालत आला का गाडीनं, म्हणाली. म्या म्हनलं, यष्टीनं. तर म्हणती, चालत यायचं, मला बरं वाटलं असतं."

त्यांना जे कळले ते आम्हांस चार महिने विचार करूनही त्यांच्या मागूनच कळले. जेथे माया खरी आहे तेथे खऱ्याचे भय नाही.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल.