ज्वालामुखीला पाप-पुण्य नसते

अलास्का द्वीपकल्पावरच्या अनियाकचाक ज्वालामुखीकडे रस्ता जात नाही. छोट्या विमानाने जायचे, तेही हवा साथ देईल तेव्हा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या यादीत इतके कमी लोक पोचतात अशा जागा फार थोड्या. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथल्या पर्वताने पोटातला बराचसा शिलारस बाहेर फेकला, आधार गेलेला माथा आत कोसळला आणि दहा किलोमीटर रुंदीचे विवर उरले. विवरात पाणी साठत गेले, मग एक दिवस काठ फुटला आणि महापूर समुद्राकडे गेला. उरलेल्या ‘सरप्राइज लेक’मध्ये आज लोहयुक्त कोमट झरे मिसळतात, काठचे दगड गंजासारखे तांबूस होतात आणि महापुराने फोडलेल्या त्याच वाटेने सॉकाय सॅमन मासे अंडी घालायला वर येतात.

बर्नार्ड हबर्ड या जेझुइट धर्मगुरूने १९३० साली हे विवर पाहिले तेव्हा हिरवळ, फुले, झरे बघून त्याला स्वर्ग आठवला. मे १९३१ मध्ये उद्रेक झाला. त्यानंतर तो पुन्हा गेला, तर सगळे राखेखाली. आता त्याला नरक आठवला. माझे म्हणणे असे की, पर्वताने दोन्ही वेळी एकच काम केले. खालची उष्णता झरे कोमट ठेवते आणि राखही उडवते. स्वर्ग-नरक ही बघणाऱ्याने घातलेली नावे आहेत. ज्याला वेगळे वागता येत नाही, त्याच्या करणीत शिक्षा किंवा कृपा शोधणे व्यर्थ.

यावर कुणी म्हणेल, हे निर्दय आहे. दुःखाला अर्थ नको का? १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड मानला. अस्पृश्यतेविषयीची त्यांची चीड खरीच होती, पण रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला तो मला योग्य वाटतो. भूकंप जात बघून घरे पाडत नाही. त्यात दलितांचीही घरे पडली. असा ‘अर्थ’ दुःखितालाच आरोपी करतो, म्हणून निर्दय तोच. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: मग त्या फुटलेल्या वाटेने सॅमन येतात हीसुद्धा कृपा नव्हे? नव्हेच, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. पण कृतज्ञ होण्यासाठी देणाऱ्याचा हेतू ठाऊक असावाच लागतो असे नाही. आपला सह्याद्रीही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच. त्याच्या काळ्या मातीत पिकलेल्या धान्याची भाकरी आपण ज्या भावाने खातो, त्या भावाला कसल्याही दैवी निवाड्याची गरज पडत नाही.

पुढच्या पुरानंतर किंवा भूकंपानंतर ‘कुणाचे पाप भोवले?’ असे कुणी विचारू लागले, तर ढिगाऱ्याखाली मेलेल्या तान्ह्या मुलाचे पाप कोणते, एवढेच त्याला विचारा.