चौथी जागा

गर्दींत माणुसकी लोपते, असें मी वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. नुकताच दोन दिवसांसाठीं मुंबईस जाण्याचा योग आला. अंधेरीहून घाटकोपरपर्यंत 2014 सालीं सुरू झालेल्या मेट्रोनें आलों आणि मुलुंडास बहिणीकडे जाण्यासाठीं लोकल गाडींत शिरलों. शिरलों कसला, आंत ढकलला गेलों.

या गाडीचें बांक तिघांचें. परंतु कडेला चौथा मनुष्य अर्धें अंग बाहेर ठेवून बसतो. रेल्वेच्या हिशेबांत ही जागा नाहीं. उभा असलेला मनुष्य नुसता हात हलवितो आणि तिघेही मुकाट्यानें सरकतात. हिला दया म्हणावी, तर देणाऱ्याच्या मुद्रेवर दयेचा लवलेश नसतो. हक्क म्हणावा, तर नाकारल्यास दाद कोठें मागावी? कांटची कर्तव्यबुद्धि शिकवितांना मला असें उदाहरण कधीं सुचलें नव्हतें.

मलाही एका तरुणानें अशीच जागा दिली. विक्रोळीस खिडकीशीं बसलेला उतरला, आम्ही आंत सरकलों, आणि मी हक्काचा तिसरा झालों. कांजूरमार्गास एक घामाघूम गृहस्थ पुढ्यांत येऊन उभा राहिला. तरुण लगेच सरकला. आमच्यामध्यें वीतभर जागा पडली. ती मीं भांडुप येईपर्यंत भरली नाहीं. बाहेर पाहत राहिलों. दहा मिनिटांपूर्वीं मीच चौथा होतों!

अखेर सरकलों. गृहस्थ टेकला. मुलुंड केव्हां येईल, असें मीं ओशाळून विचारलें. “नाहूर गेलं कीं लगेच. आतांच उठा, काका,” असें म्हणून तो स्वतःच उठला आणि दारापर्यंत मला वाट करून देऊं लागला.